संदेश पाहिजे तर मानधन पण द्या

आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या जुन्या मित्रमैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय पेटलाय. माझ्या भाच्याचा एक मित्र आहे, रॅप करतो, मराठीत. २०२५ च्या शेवटी कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातली १८०० च्या आसपास झाडं तोडायचा प्रस्ताव महापालिकेने आणला आणि लोक झाडांखाली आंदोलनाला बसले, तेव्हा या पोराने एका रात्रीत ट्रॅक लिहिला. त्यातल्या दोन ओळी सगळ्यांच्या स्टेटसवर होत्या: "ज्याने साधूला सावली दिली ते झाड, साधूच्या नावाने म्हणे तेच आडवं पाड". आणि आता याच पोराने गंगापूर रोडच्या एका बिल्डरच्या स्कीमसाठी चाळीस सेकंदांचा जाहिरातीचा रॅप केला. झालं. ग्रुपवर एक पार्टी म्हणते विकला गेला, झाडांवर गाऊन मोठा झाला आणि सिमेंटवाल्याकडे गेला, दुसरी पार्टी म्हणते अरे मग त्याने खायचं काय. आणि मधेच कोणीतरी मला टॅग केलं की तू तिकडे अमेरिकेत आहेस, तिकडे कसं खऱ्या रॅपला किंमत असते, जरा सांग या लोकांना.

तेच सांगायला बसलेय, पण जे सांगणार आहे ते कदाचित विचारणाऱ्याला आवडणार नाही.

मी न्यू जर्सीत राहते. न्यू यॉर्कमधलं ब्राँक्स इथून फार लांब नाही. हिप-हॉपचा, म्हणजे ज्यातून हा रॅप आला त्याचा, जन्म जिथे झाला असं सगळे मानतात ती बिल्डिंग, १५२० सेजविक ॲव्हेन्यू, साधी भाड्याच्या घरांची उंच बिल्डिंग आहे, खालून हायवे जातो. ११ ऑगस्ट १९७३ ला तिथल्या तळमजल्याच्या हॉलमध्ये सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने पार्टी ठेवली, कारण तिला शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायचे होते आणि त्यासाठी पैसे हवे होते. गाणी लावायला तिचा भाऊ, ज्याला आज जग डीजे कूल हर्क म्हणून ओळखतं. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास सेंट एंट्री. म्हणजे बघा, ज्या दिवसापासून हिप-हॉप मोजतात त्या दिवशी दारात तिकीट होतं आणि मुलगी गल्ला सांभाळत होती. पैसा नंतर आला आणि त्याने सगळं नासवलं, आधी सगळं शुद्ध होतं, ही जी गोष्ट आपल्याकडे सांगतात ना ती मुळातच खरी नाही.

आणि संदेशवाल्या रॅपचं म्हणाल तर त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणून ज्याचं नाव घेतात ते १९८२ चं 'द मेसेज'. गरिबी, तुटक्या काचा, उंदीर, महागाई, जेल, सगळं त्यात आहे. ते काढलं कोणी? एंगलवूडच्या शुगर हिल रेकॉर्ड्सने, हे एंगलवूड इथेच, न्यू जर्सीतलं गाव. कंपनीची मालकीण सिल्व्हिया रॉबिन्सन, जिने १९७९ ला पार्टीचा रॅप विकून आधीच बख्खळ कमावलं होतं. आणि गंमत नाही, खरं सांगतेय, ज्यांच्या नावावर ते गाणं आहे त्या ग्रँडमास्टर फ्लॅशच्या ग्रुपलाच ते करायचं नव्हतं, त्यांचं म्हणणं होतं की नाचायला आलेल्या माणसाला त्याचीच दुखणी कोण ऐकवतं. बरेचसे शब्द ड्यूक बूटी नावाच्या स्टुडिओतल्या वादकाने लिहिले, ग्रुपमधला फक्त मेली मेल त्याच्याबरोबर रॅप करतो, बाकीचे शेवटच्या संवादात ऐकू येतात. म्हणजे कलाकार पार्टीच्या बाजूने आणि कंपनी संदेशाच्या बाजूने! २००२ ला लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या रेकॉर्डिंग्जची पहिली यादी केली त्यात हे गाणं होतं. आपल्या ग्रुपवरच्या हिशेबाने ते कमर्शियल धरायचं का संदेशवालं?

मग इथल्या रेडिओवरून ते सगळं गेलं कुठे, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला होता. ऑफिसला जाताना गाडीत रेडिओ लावला की तीच पाच-सात गाणी, दागिने गाड्या पैसे. इथले जुने लोक सांगतात की १९९६ च्या टेलिकम्युनिकेशन्स ॲक्टनंतर सगळं बदललं. त्याआधी एका कंपनीला देशभरात चाळीसपेक्षा जास्त रेडिओ स्टेशनं ठेवता येत नव्हती, ती मर्यादाच काढून टाकली, आणि थोड्याच वर्षांत एकट्या क्लिअर चॅनलकडे १२०० च्या आसपास स्टेशनं झाली. गावागावातला जो डीजे त्याच्या गल्लीतल्या पोराचं गाणं रात्री लावायचा त्याच्या हातातून यादी गेली, ती हेड ऑफिसवरून यायला लागली. ऐकणाऱ्यांची आवड बदलली म्हणून नाही, मालक बदलले म्हणून. आपल्याकडे "लोकांनाच हेच पाहिजे" असं जे सर्रास म्हणतात ते ऐकलं की मला हे आठवतं आणि राग येतो. लोकांना काय पाहिजे ते लोकांना ऐकायला मिळाल्यावर कळेल ना.

आता आपल्याकडचं. इंडिपेंडंट आणि संदेशवाला हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो तिथेच अर्धा घोळ आहे. रॅपर एमीवे बंटाय कोणत्या मोठ्या लेबलशिवाय, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीशिवाय, वर आला, पूर्ण स्वतःच्या जिवावर, पण त्याची बरीचशी गाणी मी किती भारी आणि तू किती फालतू या विषयावर आहेत. पुण्याच्या ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन घरच्या घरी गाणी बनवून वर आला आणि २०२३ ला बिग बॉस जिंकून बसला. उलट इकडे केंड्रिक लामार मोठ्या लेबलचा माणूस, २०१८ ला त्याच्या अल्बमला संगीताचं पुलित्झर मिळालं, जे तोपर्यंत शास्त्रीय आणि जॅझवाल्यांनाच मिळायचं. तेव्हा कोणाच्या खिशातून पैसा येतो यावरून माणूस काय बोलणार ते ठरत नाही. नेझीने २०१४ ला आयपॅडवर रेकॉर्ड करून, आयपॅडवरच शूट करून जे गाणं टाकलं तिथून मुंबईची लाट सुरू झाली, मग २०१५ ला डिव्हाइन आणि नेझीचं मिळून गाणं आलं ते मोठ्या कंपनीकडून, मग २०१९ ला 'गली बॉय', आणि त्यानंतर एकदम सगळ्यांनाच गल्ली पाहिजे होती. जाहिरातीत गल्ली, बँकेच्या ॲपला गल्ली, चिप्सला गल्ली. गल्लीतल्या नळाला पाणी येतं का यात कोणाला रस नव्हता.

पण त्याच २०१९ मध्ये मुंबईच्या स्वदेशी ग्रुपने आरेतल्या प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन वारली लोकांच्या जंगलावर गाणं केलं, तिथे माणूस स्वतः उभा राहून स्वतःच्या जमिनीबद्दल गातोय. तपोवनावर ट्रॅक करणाऱ्या आमच्या पोराने ते पाठ होईपर्यंत ऐकलंय, मला भाच्याने सांगितलं. म्हणजे असं काम पोचतं. हळूहळू पोचतं, पण नाशिकच्या पवन नगरमधल्या दहा बाय दहाच्या खोलीपर्यंत पोचतं.

त्या खोलीबद्दल सांगते. मी गेल्या वेळी घरी आले तेव्हा तिथे बसून रेकॉर्डिंग पाहिलंय. भाचा अंबडला एका कंपनीत सीएनसी मशीनवर आहे, सेकंड शिफ्ट करून येतो, मग रात्री बारानंतर हे लोक बसतात कारण त्याआधी शेजारचा कुकर, खालच्या गाड्या, कोणाची तरी हळद, काही ना काही चालूच असतं. गोदरेजच्या कपाटाचा आवाज घुमतो म्हणून त्याच्यावर आमच्या आईने शिवलेली गोधडी टाकलेली, पंखा बंद, खिडकीला गादी लावलेली, पोरगा घामाने निथळतोय आणि एकच ओळ अठराव्यांदा घेतोय कारण "पाड" म्हणताना माईकवर फट्ट आवाज येतोय. मी म्हटलं अरे पुरे आता, छान झालंय की. तर मला म्हणतो, "मावशी, असं नाही चालत, विषय गंभीर आहे म्हणून लोक कच्चं काम ऐकून घेतील असं नसतं." मला ते इतकं पटलं. आपल्याकडे संदेश असला की बाकी सगळं माफ असं समजणारे खूप आहेत, आणि मग लोक दोन मिनिटांत गाणं बदलतात आणि आपण म्हणतो लोकांची चव बिघडली.

खर्चाचं बघा आता. यूट्यूबवरून टाईप बीट घेतला, म्हणजे रॅपच्या मागे वाजणारं तयार संगीत, त्याचं लीज पंचवीस-तीस डॉलर, त्यांच्या कार्डवरून पेमेंट जात नव्हतं म्हणून मी इथून भरलं. आणि लीज म्हणजे तो बीट तुमचा होत नाही बरं का, तोच बीट अजून पन्नास जणांना विकलेला असतो, आणि ठराविक स्ट्रीमच्या पुढे गेलात तर परत पैसे. मिक्स-मास्टर, म्हणजे रेकॉर्डिंगनंतर आवाज नीट बसवायचं काम, भाच्याने फुकट केलं. व्हिडिओ एका लग्नाच्या फोटोग्राफरने त्याच्या कॅमेऱ्यावर उसनवारीत काढून दिला. गाणं ॲप्सवर चढवणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरची वर्षाची फी. हे सगळं झाल्यावर स्पॉटिफायवर २०२४ पासून नियम असा की गाण्याला बारा महिन्यांत किमान हजार स्ट्रीम झाले नाहीत तर रेकॉर्डिंगचा एक पैसा पण मिळत नाही. झाले तरी काय मिळतं, कारण ज्या देशात ऐकलं जातं तिथल्या वर्गणीच्या आणि जाहिरातींच्या पैशातून हिस्सा निघतो, आणि भारतातली वर्गणी इथल्यापेक्षा कितीतरी कमी, त्यातही बहुतेक जण फुकटातच ऐकणारे. नाशिकमध्ये हजार लोकांनी ऐकणं आणि न्यू जर्सीत हजार लोकांनी ऐकणं यात पैशाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. तपोवनाचा ट्रॅक स्टेटसवर सगळीकडे होता, पण स्टेटसचे कोण पैसे देतं. बिल्डरने चाळीस सेकंदांचे जे दिले ते त्या पोराच्या वर्षभराच्या सगळ्या गाण्यांच्या कमाईपेक्षा जास्त होते.

आणि कार्यक्रम? १४ एप्रिलला त्याला बोलावतात, कॉलेजच्या गॅदरिंगला बोलावतात, पर्यावरणवाल्या संस्था बोलावतात. सगळीकडे एकच वाक्य, "भावा चांगल्या कामासाठी आहे, मानधनाचं काही बोलू नको". त्याच कार्यक्रमात मांडववाल्याला पैसे, साउंडवाल्याला पैसे, मिरवणुकीच्या डीजेला तर आगाऊ पैसे. आपला नाशिक ढोल घ्या, पार केरळपर्यंत लग्नात आणि मिरवणुकीत नाशिक ढोल या नावाने वाजतो, आपली पथकं सुपाऱ्या घेऊन बाहेरगावी जातात, आणि कोणी म्हणत नाही की ढोलवाला विकला गेला. पिठाच्या गिरणीवाल्याला पण आपण चांगल्या कामाचं पीठ फुकट दळून दे म्हणत नाही. फक्त जो आपल्या मनातलं बोलतो त्यानेच उपाशीपोटी बोलायचं, हा कुठला न्याय?

कोणी म्हणेल आपली परंपराच ती आहे, शाहिरांनी कुठे पैसे बघितले. हे वाक्य मला फार लागतं. आमच्या जिल्ह्यातला माणूस, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक. १९२२ चा जन्म. मिळेल ती मजुरी करत आयुष्य काढलं आणि हजारो गाणी लिहिली, अख्ख्या महाराष्ट्राच्या वस्त्यांमध्ये त्यांची गाणी अजून म्हणतात. त्यांच्याआधी भीमराव कर्डकांचा जलसा, तोही नाशिककडचाच, ज्या काळात काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता त्या १९३० च्या आसपासच्या दिवसांतला. ही माणसं हालअपेष्टा काढून गायली ही त्यांची थोरवी आहे, पण समाजाने त्यांना हालात ठेवलं ती समाजाची थोरवी नाही ना! त्यांच्या हालाचा दाखला देऊन आजच्या पोराला फुकट नाचवायचं, हे वामनदादांचं नाव घेऊन करू नका एवढंच म्हणणं आहे.

मेनस्ट्रीमवाल्यांना मी सोडतेय असं नाही. लग्नात नाचायला गाणं पाहिजे, त्याला माझी काहीच हरकत नाही, मीही नाचते. पण भाईगिरीची जी गाणी आहेत, कोयता, पिस्तूल, एरियाचा बाप वगैरे, त्यावर नाशिकमध्ये पोरं रील बनवतात आणि त्यातली काही खरोखर त्या वाटेला लागतात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी गुंडांना पकडून कॅमेऱ्यासमोर "नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला" म्हणायला लावलं ते व्हिडिओ तर इथे आमच्यापर्यंत आले, आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या पॉटलकला लोक एकमेकांना दाखवत होते. मला त्यातून बरं वाटलं नाही. पोरांच्या फोनमध्ये दिवसभर भाईचं गाणं वाजणार आणि त्यावर उपाय म्हणून कस्टडीतला व्हिडिओ, मधे दुसरं काही ऐकायलाच नाही. ते दुसरं काहीतरी म्हणजेच हा तपोवनवाला पोरगा, तोच पवन नगरचा, त्याच पोरांच्या भाषेत बोलणारा, त्यांना नावाने ओळखणारा. पण त्याला स्टेज कुठे आहे?

आणि जे खरंच टोकाचं बोलतात त्यांचं काय होतं तेही बघितलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर आणि मुंबईच्या उमेश खाडेवर राजकीय रॅपसाठी गुन्हे दाखल झाले. इथेही कलाकार सुरक्षित आहेत असं अजिबात समजू नका, अटलांटात रॅपर यंग ठगच्या खटल्यात त्याच्या गाण्याच्या ओळी पुरावा म्हणून चालवायला कोर्टाने परवानगी दिली, तीही २०२३ चीच गोष्ट. पण कॅलिफोर्नियाने २०२२ ला कायदा केला की गाण्याच्या ओळी अशा सहजासहजी पुरावा म्हणून वापरता येणार नाहीत, आधी न्यायाधीशाने तपासायचं. तो कायदा झाला कारण मोठे पैसेवाले कलाकार आणि कंपन्यासुद्धा छोट्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. आपल्याकडे मुंगासेसाठी मेनस्ट्रीममधलं किती जण बोललं? मला तरी कोणाचं ठळक बोलणं आठवत नाही. माझा कमर्शियलवाल्यांवर खरा राग इथे आहे. पैसे कमावले यावर नाही.

भाषेचंही तेच. २०२५ ला हिंदीच्या सक्तीवरून केवढा वाद झाला, सरकारला जीआर मागे घ्यावे लागले, आमच्या ग्रुपवर सगळे मराठीचे वाघ झाले होते. त्यातल्या कोणी एकाने तरी वर्षभरात मराठी रॅपचं एक गाणं विकत घेतलंय का, एका शोचं तिकीट काढलंय का? या पोराला प्रत्येक ठिकाणी सांगतात, हिंदीत कर, रीच वाढेल. तो नाही म्हणतो. त्याच्या हट्टाची किंमत तो एकटाच मोजतोय.

आम्ही परदेशातले पण काही वेगळे नाही. आमच्या मंडळात गणपतीला नाट्यसंगीत येतं, विनोदी कार्यक्रम येतात, तिकीट काढून हॉल भरतो, विमानाचं भाडं, मानधन, राहायची सोय, सगळं होतं, आणि ते व्हायलाच पाहिजे. मी कमिटीत मराठी रॅपचं नाव काढलं तर उत्तर आलं की मुलांसाठी मधल्या वेळात वीस मिनिटं ऑनलाईन करायला सांगा त्याला, त्याचंही प्रमोशन होईल. म्हणजे सात समुद्र ओलांडून पण तेच, फुकट! इथे जन्मलेली आमची मुलं दिवसभर हिप-हॉप ऐकतात, मराठीत त्यांच्याशी बोलणारा एवढा एकच दरवाजा उघडा आहे आणि तिथे आपण प्रमोशन देतोय. मी ते तिथेच सोडणार नाही, पुढच्या मीटिंगला परत मांडणार आहे, आणि यावेळी मानधनाचा आकडा घेऊन.

बिल्डरच्या जाहिरातीबद्दल माझं मत विचारलंत तर मला ती आवडलेली नाही. त्याला फोनवर सांगितलं पण, की तुझ्या तपोवनाच्या ओळींनंतर हे ऐकायला जड जातं. तो म्हणाला, "मावशी, त्या पैशातून माईक घेतला आणि आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं." यावर मी काय बोलणार होते? ग्रुपवर जे सगळे तुटून पडलेत त्यातल्या एकानेही त्याला आजवर शंभर रुपये दिलेले नाहीत. तुम्ही नाही दिले म्हणून त्याने काहीही करावं असं मी म्हणत नाही, उद्या त्याने भाईगिरीचं गाणं केलं तर मी पहिली भांडेन. पण शिव्या देणाऱ्याने आधी तो जगेल कसा याचा विचार केलेला असावा.

म्हणून ग्रुपवर मी आता एवढंच टाकलंय. त्याचा पुढचा ट्रॅक कांद्यावर आहे, २०२३ च्या डिसेंबरातली निर्यातबंदी, लासलगावला पडलेला भाव, सगळं त्यात घ्यायचंय त्याला, आणि त्याला लीजवरचा नको, स्वतःचा बीट हवाय, त्यात आपला ढोल-ताशा खरा वाजवून रेकॉर्ड करायचाय. त्याचा खर्च आपण वर्गणीने काढू, मी माझा हिस्सा भाच्याकडे पाठवलाय, आणि गाण्यात काय म्हणायचं यावर आपण एक शब्द बोलायचा नाही. आणि ज्यांच्या ज्यांच्या हातात मंडळ, कॉलेज, जयंती उत्सव समिती आहे त्यांनी येत्या १४ एप्रिलला त्याला बोलवायचं असेल तर सुपारी आधी ठरवा, अर्धे पैसे आगाऊ द्या, कार्यक्रमाच्या आधी त्याला साउंड चेकला अर्धा तास द्या, आणि त्याला मिरवणुकीच्या डीजेच्या आधी, लोक जागेवर असताना स्टेजवर घ्या.